गावची शाळा की तालुक्याचं कॉन्व्हेंट: बदलीवर आलेल्यांसाठी

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलकडची. १२ वर्षांपूर्वी आरोग्यसेविका म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर आले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सामान उतरवायच्या आधीच शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरीले कोणत्या कॉन्व्हेंटमध्ये टाकता, सिस्टर?" तुम्हालाही हाच प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला जाईल. इकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही खाजगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, आणि नोकरदाराची मुलं तिथेच जाणार असं गाव धरूनच चालतं.

मीही घातलं. केजी-१, केजी-२ आणि पहिलीचे सहा महिने. सकाळी सव्वासातला व्हॅन यायची, पोर अर्धवट झोपेत चढायची. वह्या सुबक, प्रत्येक पानावर 'गुड'. एका संध्याकाळी ओसरीवर ती मला इंग्रजी पुस्तक वाचून दाखवत होती, घडाघडा. सहज म्हणून मी चित्रावर हात ठेवला आणि खालचा शब्द विचारला. ती गप्प झाली. हात काढला की लगेच 'मँगो'. पानोपानी तेच. तिला पुस्तक पाठ होतं, अक्षर एक येत नव्हतं. मराठीही येत नव्हतं, कारण ते शिकवलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दिवाळीनंतर तिला गावातल्या झेडपीच्या शाळेत नेलं. खाजगी शाळेने व्हॅनच्या थकबाकीसाठी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, अडवून धरला. गुरुजी म्हणाले, "टीसीसाठी प्रवेश थांबत नाही, उद्यापासून पाठवा." शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यात हे स्पष्ट लिहिलंय: ६ ते १४ वयाच्या मुलाचा प्रवेश दाखल्याअभावी नाकारता येत नाही. हे मला गुरुजींकडून कळलं, तुम्ही आधीच माहीत करून घ्या. तिथे जमिनीवर तुराटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून दशक शिकवायचे. एक जुडी सोडली की दहा सुट्या काड्या. हातचा म्हणजे काय, हे माझ्या मुलीला त्या सुटलेल्या सुतळीने समजलं. फेब्रुवारीत ती दवाखान्यातल्या भिंतीवरचे लसीकरणाचे फलक वाचू लागली.

याचा अर्थ प्रत्येक झेडपी शाळा चांगली असा नाही. इकडे शाळा म्हणजे तिथले गुरुजी किंवा मॅडम. ६० पटापर्यंत दोनच शिक्षक असतात, म्हणजे चार वर्ग दोन खोल्यांत. त्यातले एक निवडणुकीच्या नाहीतर सर्वेक्षणाच्या कामाला गेले की उरलेल्या एकावर सगळी शाळा. आणि बदली झाली की दोन वर्षांत शाळेची रया जाते, हेही मी पाहिलंय. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा की इथल्या शिक्षकांना या शाळेत किती वर्षं झाली. मग तिसरीच्या एखाद्या मुलाला न पाहिलेल्या पुस्तकातल्या चार ओळी वाचायला सांगा. तालुक्याच्या शाळेतही हेच करा. मुलींच्या शौचालयाला पाणी आणि आतून कडी आहे का, ते स्वतः जाऊन बघा. एवढं पाहायला अर्धा दिवस लागतो, पण बहुतेक जण इमारत आणि गणवेश बघून परत येतात. फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत पट रोडावलेला दिसला तर त्यावरून शाळेला नावं ठेवू नका, तेव्हा सगळीकडेच तसं असतं.

आता पैशांचं. मागच्या जूनमध्ये आमच्याकडे नव्याने आलेली कंत्राटी सहकारी माझ्या ओट्यावर बसून मुलाच्या पहिलीचा हिशेब मांडत होती. फी १८,०००. व्हॅन महिना १,००० प्रमाणे दहा महिने. पुस्तकं-वह्या शाळेतूनच घ्यायच्या, ३,५००. रोजचा गणवेश, शनिवारचा वेगळा आणि दोन जोड बूट मिळून ३,०००. वर ट्यूशन महिना ५००, कारण आईवडिलांना इंग्रजीतला अभ्यास घेता येत नाही. बेरीज ३९,५०० आली तेव्हा तिने कागद उलटा ठेवला. शाळेने तिला सांगितली होती ती फक्त पहिली ओळ. झेडपीत पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत मोफत आहे; वह्या, दप्तर, चपला धरून माझे वर्षाला दोन-अडीच हजार जायचे.

आणि हा खर्च येतो केव्हा, तेही बघा. गावात पैसा येतो तो दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर. फी मागतात जूनमध्ये, बियाणं आणि खत घ्यायच्या वेळी. तुमचा पगार महिन्याला येत असेल तर ठीक, पण कंत्राटी मानधन दोन-दोन महिने लांबतं हे इथल्या प्रत्येकाने भोगलंय.

मला सांगायचंय ते एवढंच: सुरुवातीच्या वर्षांत पैसा ओतू नका, तो नववीनंतरसाठी राखा. खरा खर्च तिथे आहे. अकरावी-बारावी सायन्सला मूल यवतमाळ, अमरावती नाहीतर नागपूरला जातं. खोली, मेस, क्लास, सगळं एकदम अंगावर येतं. पहिलीपासून दरवर्षी ४० हजार भरून थकलेली माणसं नेमकी त्या वेळी हात टेकतात, आणि मुलगी असेल तर तिला गावाजवळच्या कला शाखेला घालतात. हे मी दोन घरांत पाहिलंय आणि ते मला अजून सहन होत नाही. माझी मुलगी यंदा अकरावीला अमरावतीत आहे, ती वाचवलेल्या पैशांवर.

'खाजगी' हा शब्द ऐकून फसू नका. चौथी किंवा सातवीनंतर मोठ्या गावात जे हायस्कूल असतं ते बहुतेक वेळा संस्थेचं, पण अनुदानित असतं. शिक्षकांचे पगार सरकार देतं, फी नावापुरती. अशी कित्येक हायस्कुलं जुनी आहेत आणि गणिताला चांगले शिक्षक टिकून आहेत. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित या वेगळ्या, खर्च तिथे आहे. कुठेही गेलात तरी मान्यता कितवीपर्यंत आहे ते विचारा, पैसे दिले की पावती घ्या, आणि डोनेशन देऊ नका. ते घ्यायला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

शाळा निवडताना पुढच्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली, नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा. आपल्या जिल्ह्याचं नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. नगर परिषदेच्या हद्दीतल्या कॉन्व्हेंटमध्ये त्यातलं एक वर्ष जरी गेलं तरी मूल शहरी धरलं जातं, मग तुम्ही राहता कितीही आडगावात. दुसरी, आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांनाच. विनाअनुदानित शाळेतलं मूल कितीही हुशार असो, त्याला बसता येत नाही.

आरटीईचे, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याचे, २५ टक्के मोफत प्रवेश खाजगी विनाअनुदानित शाळेतच मिळतात, तेही सुरुवातीच्या वर्गाला, ऑनलाइन सोडतीतून. वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना ती एक लाखाच्या आत आहे. भाड्याने राहत असाल तर पत्त्याच्या पुराव्यासाठी भाडेकरार नोंदणीकृत करून ठेवा. सोडतीत नंबर लागला तरी व्हॅनचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. मोठ्या मुलींसाठी मात्र चौकशी जरूर करा: मागास तालुक्यांसाठी सरकारचा मानव विकास कार्यक्रम आहे, त्यातल्या तालुक्यांत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे.

मुलांच्या बोलण्याची धास्ती घेऊ नका. तिसऱ्याच दिवशी माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, मले भूक लागली." मला पोटात गलबललं, कोल्हापूरचं बोलणं हिचं जाणार असं वाटलं. गेलं नाही, दोन्ही राहिली. वर्गात गोरमाटी बोलणारी बंजारा तांड्यावरची मुलं होती, कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची होती. तिच्या मैत्रिणींच्या आया मला ओळखू लागल्या, आणि ज्या घरांत गरोदर बाई तपासणीला यायला तयार नसायची तिथली दारं त्या ओळखीने उघडली. व्हॅनमधून जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना गाव वर्षानुवर्षं परकंच धरतं.

तुम्ही पुण्या-कोल्हापुराकडून येत असाल तर घाई करू नका, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे तिकडच्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. जन्मदाखला, आधार, असेल तर टीसी आणि जातीचा दाखला सोबत घ्या. पहिल्या दिवशी मुलाला सोडून लगेच निघू नका. दुपारच्या सुट्टीपर्यंत थांबा, आणि मुलांच्या पंगतीत बसून ती खिचडी खाऊन बघा.