ठेंगणा डोंगर, गार पाऊस आणि मार्टिनडेलची दोन चर्च: या चुका टाळा

हेलव्हेलिनचा उंच डोंगर ढगात गडप झाला की इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला आलेली आपली मंडळी म्हणतात, 'मग खालचंच काहीतरी करू.' विचार शहाणपणाचा आहे. अल्सवॉटर तलावाच्या पूर्व काठावरच्या हॅलिन फेल या ठेंगण्या डोंगराची प्रदक्षिणा अशा दिवसासाठी झकास. स्टीमरने येऊन हाउटाउनच्या धक्क्यावर उतरायचं, काठाकाठाने झाडीतून सँडविक गाठायचं, मग मार्टिनडेलच्या दरीत जुन्या चर्चपर्यंत आणि खिंडीतून परत. साधारण ७ किलोमीटर, चढ बेताचा. घोळ होतो तो तिथला पाऊस आपल्या सह्याद्रीतल्या पावसासारखा धरल्यामुळे.

जुलैत राजमाचीला चिंब भिजलात तरी हवा उबदार असते. खाली येऊन गरम भजी खाल्ली की झालं. नोव्हेंबरात अल्सवॉटरला हवा पाच-सहा अंशांवर आणि बारा किलोमीटर लांबीच्या तलावावरून सुसाटत येणारा वारा. जीन्स आणि कॉटनचा टी-शर्ट एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. दादरला घेतलेलं विंडचीटर तासाभरात पाझरतं. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर खरोखर वॉटरप्रूफ जॅकेट, आणि पँटवरून चढवायची वॉटरप्रूफ पँटसुद्धा. ही दुसरी पँट हमखास गाडीत राहते. छत्री मात्र खुशाल गाडीतच राहू द्या.

सोबतचा माणूस अडखळायला लागला, बोलणं जड झालं, उगाच चिडचिड करू लागला, तर तो 'दमला' म्हणून सोडून देऊ नका. ती अंग गारठल्याची खूण असते. आडोसा शोधा, ओले कपडे बदला, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. ब्रँडी नको. कुडकुडणं थांबूनही माणूस सुस्त होत असेल तर मामला गंभीर आहे. ९९९ लावून पोलीस मागा आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत, म्हणून संकोच करू नका. दरीत मोबाइलची रेंज मात्र बेभरवशाची.

दुसरी चूक 'काठावरची वाट म्हणजे सपाट' या समजुतीची. हॅलिनहॅगच्या झाडीत ओली मुळं आणि शेवाळलेले दगड आहेत; पाय सरकतो तो इथेच. ३८८ मीटरचं शिखर खिंडीतून अर्ध्या तासात होतं खरं, पण ओल्या गवताच्या उतारावरून उतरताना भलेभले बसतात. ढग खाली आला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: शिखर सोडा. वर दगडांचा उंच मनोरा आहे, धुक्यात तेवढाच दिसेल.

फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. थेंब पडले की स्क्रीन बोट ओळखत नाही आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ५ नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. हेडटॉर्च हवाच.

आता चर्च. खिंडीत रस्त्यालगत दिसतं ते सेंट पीटर्स, १८८०-८२ मधलं. बरेच जण ते बघून 'झालं जुनं चर्च' म्हणत मागे फिरतात. आतल्या जेन ग्रे यांच्या रंगीत काचा बघण्यासारख्या आहेतच, पण जुनं सेंट मार्टिन्स दरीत आणखी किलोमीटरभर आत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरची बुटकी, साधी दगडी वास्तू. अंगणात यू नावाचं सदाहरित झाड, हजार वर्षांहून जुनं मानतात. आत बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे, तो मुळात रोमन वेदीचा दगड असं सांगतात. पुढे त्यावर लोक हत्यारंही परजत, असंही म्हणतात.

देवळाच्या सवयीने बूट बाहेर काढून ओल्या मोज्यांनी आत जाण्याची गरज नाही. चिखल मात्र गवतात नीट घासून काढा. टोपीचं आपल्या उलट: पुरुषांनी ती काढायची. ठिबकणारी जॅकेटं बाकांवर पसरू नका, आत डबा उघडू नका, आणि निघताना दार ओढून घ्या, नाहीतर मेंढ्या शिरतात. दानपेटीसाठी सुटी नाणी जवळ असू द्या.

सगळ्यात महागात पडते ती परतीची स्टीमर गृहीत धरण्याची चूक. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, आणि ५०८ नंबरची बस तलावाच्या पलीकडच्या काठाने धावते. सकाळी धक्क्यावरच परतीच्या फेऱ्यांची चौकशी करा. स्टीमर नसेल तर हाउटाउनहून तलावाच्या उत्तर टोकाच्या पूली ब्रिज गावापर्यंत अरुंद रस्त्याने सहा-सात किलोमीटर तंगडतोड आहे. काठाने दक्षिण टोकाच्या ग्लेनरिडिंगला जायचं तर दहाच्या वर, तेही मुळं-दगडांवरून. अंधार पडायला चार तास नसतील तर रस्ताच धरा, आणि टॅक्सीचा नंबर निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा.

मुक्कामी पोचल्यावर भिजलेले बूट हीटरला टेकवू नका, चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला.