जुन्या जर्मन घरात राहायला येताय? आधी कोपरे बघा

आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक खातं, आरोग्यविमा यांची माहिती कुणीही देईल. मी घराबद्दल लिहितोय, कारण दर जानेवारीत भिंतीवरच्या काळ्या बुरशीचे फोटो मलाच येतात.

इमारतीतून जाणारी उष्णता रोखण्याचा पहिला नियम पश्चिम जर्मनीत 1977 साली आला. त्याआधीच्या, विशेषतः साठच्या दशकातल्या इमारतींत बाल्कनी म्हणजे खोलीचाच स्लॅब सरळ बाहेर काढलेला, आपल्याकडच्या छज्जासारखा. मध्ये इन्सुलेशन नाही, त्यामुळे खोलीतली ऊब काँक्रीटमधून रस्त्यावर. यालाच थर्मल ब्रिज म्हणतात. खिडकीवरची शटरची पेटी, रेडिएटरमागची पातळ भिंत आणि इमारतीचे बाहेरचे कोपरे हीसुद्धा तसलीच ठिकाणं.

खोलीत 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर सुमारे 9 अंशांच्या भिंतीवर पाणी सुटतं. बुरशी तेवढी थांबत नाही, भिंत साडेबारा अंशांच्या आसपास राहिली तरी तिचं भागतं.

म्हणून सांगतो, बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका. कोपऱ्यात तर नाहीच नाही. मागे गरम हवा पोचत नाही आणि भिंत आणखी गारठते. ओळखीतल्या एका जोडप्याचे शालू गेले, वर डिपॉझिटही कापलं गेलं. आतल्या भिंतीला लावा. जागाच नसेल तर 10 सेंटीमीटर मोकळे सोडा. परत सांगतो, चिकटवू नका!

आपली मंडळी बिलाच्या धास्तीने खिडक्याच उघडत नाहीत, आणि घरात कुकरच्या शिट्ट्या, दोरीवर ओले कपडे. काहीजण दिवसभर खिडकी तिरकी ठेवतात, त्याने चौकटीभोवतीची भिंत गार पडते. दिवसातून तीन-चारदा पाच मिनिटं सताड उघडा, मग बंद. घरमालक मात्र काँक्रीटचा दोषही तुमच्या फोडणीवर ढकलेल, म्हणून डाग दिसताच लेखी कळवा. भाडेकरू संघाचं सदस्यत्व भांडणाआधीच घ्या.

शटरच्या पेटीला आतून इन्सुलेशन आणि फटींना पट्टी लावता येते, पण मालकाला विचारून. थर्माकोलचे तक्ते मनाने चिकटवू नका, मागे दमट हवा शिरली की बुरशी तिथे लपून वाढते. आतून करायचंच तर ओल शोषणारे कॅल्शियम सिलिकेटचे तक्ते, तेही जाणकाराकडून. खरा इलाज म्हणजे बाहेरून इन्सुलेशन, आणि ते काम मालकाचं.

झोपायची खोली गार ठेवत असाल तर तिचं दार बंद ठेवा. बैठकीची दमट ऊब तिथल्या कोपऱ्यात जाऊन बसते.