मेंदूज्वर ओळखायचा कसा, आणि लस कोणती घ्यायची

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणाला सूज येते, तो मेंदूज्वर, म्हणजेच मेनिंजायटिस. विषाणू, बुरशी, क्षयाचे जंतू यांनीही तो होतो. पण काही तासांत जिवावर बेततो तो बहुधा जिवाणूंचा. प्रकार कोणता हे घरी ठरवता येत नाही, तेव्हा संशय आला की निघायचं.

१. आधी लक्षणं बघा. ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं, मान आखडणं. हनुवटी छातीला टेकली म्हणून निर्धास्त होऊ नका. सगळी लक्षणं एकदम क्वचितच दिसतात. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, उठवूनही जागा होईना किंवा झटके आले, तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

२. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. मान सैलच असू शकते, ताप नसूही शकतो. टाळू फुगलेली, दूध ओढत नाही, किरट्या आवाजात रडतं, मलूल पडतं. कडेवर घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्तच रडत असेल, तर ही खूण हसण्यावारी नेऊ नका.

३. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा पेला दाबून बघा. दाबूनही दिसत राहिले तर जंतू रक्तात पसरल्याची शक्यता असते. सावळ्या त्वचेवर तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू तपासा. मात्र पुरळ उठायची वाट पाहत बसणं धोक्याचं; अनेकांना ते उठतच नाही.

४. रुग्णालयात कंबरेतून पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक बिचकतात. जंतू ओळखण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे, उगाच अडवू नका.

५. आता लस. सगळ्या प्रकारांवर चालेल अशी एकच लस नाही. मेंदूज्वर आणणाऱ्या हिब जंतूवरची लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीत असते, न्यूमोकोकस या दुसऱ्या जंतूवरची वेगळी, आणि बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते. मेनिंगोकोकस या आणखी एका जंतूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय गटांवर एकत्रित लस आहे, बी गटाची निराळी. हजला जाणाऱ्यांना ही चार गटांची लस सक्तीची असते, तीही पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी. प्लीहा काढलेल्यांनी, वसतिगृहात राहायला जाणाऱ्यांनी आणि आफ्रिकेतल्या सेनेगल ते इथिओपिया या पट्ट्यात जाणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावं. लस घेतलेल्यालाही दुसऱ्या जंतूने हा आजार होऊ शकतो.

६. घरात कुणाला मेनिंगोकोकसचा आजार झाला, तर निकटच्या सर्वांना प्रतिबंधक अँटिबायोटिक लागतं. ते डॉक्टरांनाच विचारून घ्या. रुग्ण बरा झाल्यावर त्याची श्रवणचाचणीही करून घ्या, कारण या आजारात ऐकू येणं कमी होऊ शकतं आणि लहान मुलांच्या बाबतीत ते उशिरा ध्यानात येतं.