जुन्या रानात चालायचं ते खाली बघत

मागच्या वसंतात आईला इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या फिंगल वुड्स या रानात घेऊन गेले. टीन नदीकाठी पाच मिनिटं चालल्यावर ती थांबली नि म्हणाली, "जुनं रान म्हणतेस, आणि झाडं तर शिडशिडीत!"

तिची शंका रास्त होती. इंग्लंडमध्ये जिथे १६०० सालापासून अखंड रान आहे, त्या जागेला प्राचीन वन म्हणतात. वय मोजतात ते जागेचं. झाडं तोडली गेली, पुन्हा उगवली, पण खालची माती रानाचीच राहिली. म्हणून अशा रानात गेलात तर आधी जमीन बघा.

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत जा. झाडांना पूर्ण पानं फुटण्याआधी ऊन खाली पोचतं आणि रानफुलं तेवढ्या मुदतीत उरकून घेतात. पांढरं, चांदणीसारखं वुड अ‍ॅनिमोनी दिसलं की गुडघ्यावर बसा. हे फूल शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरतं. खोलीएवढा ताटवा म्हणजे किती शतकं, याचा हिशेब मी आईला तिथेच करून दाखवला. ढगाळ हवेत ही फुलं मिटतात, तेव्हा ऊन असेल तो दिवस निवडा.

ब्लूबेल या रानफुलाच्या निळ्या गालिच्यात मात्र फोटोसाठीही शिरू नका. हे मी कळवळून सांगते. पानं तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि ते झाड सावरायला कित्येक वर्षं जातात. पायवाट चिखलाची असली तरी कडेने नवी वाट पाडू नका, चिखलातूनच जा. त्यासाठी घोट्यापर्यंतचे, पकड असलेले बूट हवेतच. उतार इथे चांगलेच तीव्र आहेत.

आता रान सावरतंय कसं, ते बघायला शिका. विसाव्या शतकात लाकडासाठी इथे डग्लस फरसारखी सूचिपर्णी झाडं दाटीवाटीने लावली. २०१३ साली वुडलँड ट्रस्ट आणि नॅशनल ट्रस्ट या संवर्धन करणाऱ्या संस्थांनी मिळून हे सुमारे ८२५ एकरांचं रान घेतलं आणि ते पूर्वपदावर आणायला सुरुवात केली. दाट फरखाली उभं राहा: अंधार, सुयांचा तपकिरी थर, हिरवं जवळजवळ काही नाही. मग विरळणी झालेल्या भागात या. तिथे फरच्या गर्दीत अडकलेला एखादा जुना ओक शोधा. त्याच्या भोवतीची झाडं थोडी थोडी काढून त्याला उजेड दिलेला असतो. सगळे फर एकदम का पाडत नाहीत, असं आईने विचारलं. अचानक भरपूर ऊन आलं तर काटेरी ब्रॅम्बल माजतं आणि सावलीला सरावलेली नाजूक झाडं होरपळतात. म्हणून वर्षानुवर्षं, टप्प्याटप्प्याने.

कापलेले ओंडके आणि वठलेली खोडं पडलेली दिसतील. तो कचरा नाही. भुंगेरे आणि बुरशीचं घर आहे. त्यांवर बसू नका, उलटवून तर मुळीच बघू नका. उन्हाच्या जागी सुया-काटक्यांची गुडघाभर उंच रास दिसली तर ते रानमुंग्यांचं वारूळ. दोन पावलं लांबूनच न्याहाळा. डिवचल्या तर त्या फॉर्मिक आम्ल फवारतात.

दम असेल तर वर वूस्टन कॅसलपर्यंत चढा. नाव किल्ल्याचं असलं तरी भिंती नाहीत, लोहयुगातले मातीचे बांध आहेत. आईला चढ झेपला नाही, आम्ही नदीकाठानेच परतलो, आणि तेही पुरेसं होतं.

शेवटचं काम घरी: गोचिडी तपासा. गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाची शक्यता असते, डॉक्टरांना लगेच दाखवा. आईच्या पोटरीवर एक मिळाली होती. ती निघेपर्यंत आई अ‍ॅनिमोनीचाच हिशेब पुन्हा विचारत होती.