अंगणात कायोटी दिसतोय? आधी या चुका टाळा

न्यू जर्सी असो, शिकागोची उपनगरं असोत किंवा बे एरिया, आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येतोच. डोअरबेलच्या कॅमेऱ्यातला, करडा, धूसर. खाली प्रश्न: "हा लांडगा आहे का?" मग पन्नास मेसेज. कोणी म्हणतं पोलिसांना बोलवा, कोणी म्हणतं बिचाऱ्याला भूक लागली असेल, काहीतरी खायला ठेवा. यातला दुसरा सल्ला जास्त घातक आहे.

तो लांडगा नसतो, कायोटी असतो: कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला इथला जंगली प्राणी. कान मोठे आणि टोकदार, मुस्कट निमुळतं, पळताना शेपूट खाली, वजन साधारण ९ ते १६ किलो. पूर्वेकडच्या राज्यांतले थोडे थोराड असतात आणि हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे तर दीडपट मोठे वाटतात. हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात ते आहेत. घर बदलून सुटका होणार नाही, तेव्हा सोबत राहायचं कसं ते शिकून घेतलेलं बरं. कायोटी हुशार आहे आणि आपण रोज त्याला काही ना काही शिकवत असतो. खालच्या बहुतेक चुका म्हणजे नकळत शिकवलेले धडे आहेत.

चूक: "आमच्याकडे मांसाहार होत नाही, तो कशाला येईल?"

कायोटी काहीही खातो. शिकागोच्या कुक काउंटीत २००० सालापासून शहरी कायोटींवर अभ्यास चालू आहे. तिथे विष्ठेचे १,४२९ नमुने तपासले, तेव्हा ४२ टक्के नमुन्यांत उंदरांसारखे छोटे कुरतडणारे प्राणी सापडले, २२ टक्क्यांत हरीण, १८ टक्क्यांत ससा आणि तब्बल २३ टक्क्यांत फळं. म्हणजे झाडाखाली सडत पडलेली सफरचंदं आणि नाशपाती हे त्याच्यासाठी उघडं ताट आहे.

आता आपल्या घरातल्या सवयी बघू. उघड्या कंपोस्टच्या ढिगात शिळी पोळी-भाजी टाकली जाते. भारतातून आलेल्या आजी सकाळी पक्ष्यांसाठी भात ठेवतात. पितृपक्षात कावळ्यासाठी पान डेकच्या कठड्यावर ठेवलं जातं, कावळा काही येत नाही आणि पान रात्रभर तिथेच राहतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हे नेमके तेच दिवस, जेव्हा त्या वर्षीची पिल्लं मोठी होऊन आईबापांपासून सुटी होऊ लागतात आणि नवीन ठिकाणं धुंडाळत फिरतात. पान जरूर ठेवा, श्रद्धेचा भाग आहे. तासाभराने उचलून आत आणा, एवढंच.

बर्ड फीडर टांगणाऱ्यांना वाटतं की दाण्यांशी कायोटीचा काय संबंध? दाणे खाली सांडतात, त्यावर उंदीर आणि खारी येतात, त्यांच्या मागे तो येतो. फीडर ठेवायचाच असेल तर खालची जमीन रोज झाडा आणि कायोटीच्या फेऱ्या सुरू झाल्या की महिनाभर काढून ठेवा. कंपोस्टला झाकणाचा घट्ट डबा हवा, शिजवलेलं अन्न त्यात नकोच. कचऱ्याची गाडी सकाळी येत असेल तर डबा सकाळीच बाहेर काढा. बार्बेक्यूच्या ग्रिलखालचा तेलाचा ट्रे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मुद्दाम खायला घालणं ही सगळ्यांत मोठी चूक. रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट टाकणं ही आपल्याकडची माया, पण इथे कॅलिफोर्नियासारख्या राज्यात जंगली प्राण्याला खाऊ घालणं बेकायदेशीर आहे, आणि त्याला कारण आहे. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेला कायोटी पुढे माणसाच्या अंगावर जाण्याइतका धीट होतो, आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

चूक: दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला

हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. शहरात ते माणसं टाळायला रात्री जास्त फिरतात, पण दिवसा हिंडणं त्यांच्यासाठी अगदी नैसर्गिक आहे. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात, मग आईबापांना दिवसरात्र शिकार आणावी लागते. १९८८ पासून दक्षिण टेक्सासमध्ये कायोटी आणि कुत्र्यांत रेबीजची मोठी साथ होती हे खरं. १९९५ पासून विमानातून लस भरलेली आमिषं टाकून ती आटोक्यात आणली. आज दुपारी बारा वाजता शांतपणे रस्ता ओलांडणारा कायोटी बघून हात-पाय गाळायचं कारण नाही.

वेळेपेक्षा वागणं बघा. लडखडतोय, तोल जातोय, लाळ गळतेय, अंगावर विनाकारण धावून येतोय, तर आत जा आणि अ‍ॅनिमल कंट्रोलला, म्हणजे प्राण्यांच्या तक्रारी बघणाऱ्या स्थानिक खात्याला, फोन करा. केस गळून कातडी खपल्यांची झाली असेल तर तो बहुधा खरजेने आजारी आहे. असा प्राणी नेहमीसारखी शिकार करू शकत नाही, म्हणून घरांजवळ ऊब आणि सोपं खाणं शोधत येतो. त्याला हुसकावण्यात अर्थ नाही, कळवणंच योग्य.

चूक: गुपचूप उभं राहून व्हिडिओ काढणं, किंवा पळत सुटणं

पळालात तर पाठलागाची उर्मी जागी होते. गुपचूप उभे राहिलात तर तो शिकतो की माणूस निरुपद्रवी आहे. दोन्ही नको. अंग मोठं दिसेल असे हात वर करा, नजर त्याच्यावरच ठेवा, खणखणीत ओरडा. आपलं गल्लीतलं "हाड! हाड!" इथे उत्तम चालतं, त्याला मराठी कळायची गरज नाही. रिकाम्या कॅनमध्ये नाणी घालून खडखडाट करा, बागेत असाल तर पाण्याचा पाइप त्याच्या दिशेने सोडा. लहान मूल सोबत असेल तर आधी उचलून घ्या.

इथे लोक अर्ध्यावर थांबतात. कायोटी चार पावलं मागे जातो, वळून बघतो आणि यांना वाटतं झालं काम. तो नजरेआड होईपर्यंत ओरडणं चालू ठेवायचं. नाहीतर तो एवढंच शिकतो की थोडं थांबलं की माणूस गप्प होतो. खिडकीच्या काचेआडून ओरडण्याचाही उपयोग नाही, आवाज कुणाचा हे त्याला दिसायला हवं.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. पहाटे उठून फिरायला जाणारे तेच असतात आणि पुष्कळदा त्यांना तो भटका कुत्राच वाटतो. जवळ शिट्टी द्या. घाबरवून घरात बसवायची मात्र गरज नाही. कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदी दोनच आहेत: १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलमध्ये एक लहान मुलगी आणि २००९ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात एक तरुणी. पाळीव कुत्र्यांच्या चाव्यांशी याची तुलनाच होत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. एप्रिल ते ऑगस्टच्या काळात एखाद्या पायवाटेवर कायोटी तुमच्या मागे मागे, अंतर राखून चालत असेल, तर जवळपास पिल्लं असण्याची शक्यता मोठी. तो तुम्हाला हद्दीबाहेर सोडून येतोय. तिथे अंगावर जाऊ नका. कुत्र्याचा पट्टा आखडता घ्या, कायोटीकडे तोंड ठेवून शांतपणे निघून जा आणि पुढचे काही आठवडे दुसरी वाट धरा.

चूक: अदृश्य कुंपणावर कुत्रा सोडून आत जाणं

गळ्यातल्या पट्ट्याला झटका देणारं जमिनीखालचं तारेचं कुंपण उपनगरांत फार लोकप्रिय आहे. त्याने तुमचा कुत्रा आत अडकतो. कायोटीला ते लागू नाही, त्याच्या गळ्यात पट्टा नाही. छोटा शित्झू किंवा माल्टीज रात्री दहा वाजता "जाऊन ये" म्हणून एकटा सोडणं म्हणजे थेट जोखीम. लहान कुत्र्यासोबत बाहेर जा, दिवा लावा, दार उघडायच्या आधी आवाज करा. फिरवताना लांब सुटणारा गुंडाळी-पट्टा नको, सहा फुटांचा साधा बरा. पंचवीस फूट पुढे गेलेला कुत्रा वेळेवर ओढता येत नाही.

मोठ्या कुत्र्याच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. जानेवारी ते मार्च हा माजाचा काळ, तेव्हा कायोटी दुसऱ्या कुत्र्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून बघतात.

मांजराचं उत्तर एका ओळीचं आहे: घरात ठेवा. शिकागोच्या नमुन्यांत मांजर जेमतेम १ टक्का होतं, पण लॉस एंजेलिसच्या शहरी भागात ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास निघालं. तुमचं गाव कोणत्या टोकाला आहे हे स्वतःच्या मांजरावर तपासून बघू नका.

खरं कुंपण घालायचं तर निदान सहा फूट उंच हवं. चार फुटांचं तो सहज ओलांडतो. वरच्या कडेला फिरणारे रोलर बसवले की पंजाची पकड सुटते. आणि खालची बाजू विसरू नका: जाळी फूटभर बाहेरच्या दिशेने जमिनीत आडवी पुरली तर उकरायला येणारा तिथेच अडतो. सगळं करून फाटकाखाली वीतभर फट ठेवणारी घरं कमी नाहीत.

कोंबड्या, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी

हल्ली आपल्यातल्याही बऱ्याच जणांकडे मागच्या अंगणात चार कोंबड्या असतात आणि काहींनी गावाबाहेर पाच-दहा एकर घेऊन शेळ्याही ठेवल्या आहेत. पहिली चूक दुकानातच होते. षटकोनी घरांची पातळ 'चिकन वायर' कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची चौकोनी घरांची जाड वेल्डेड जाळी लागते, इथल्या दुकानांत ती 'हार्डवेअर क्लॉथ' नावाने मिळते. कडी अशी हवी की नाकाने ढकलून उघडणार नाही.

मेंढ्या-शेळ्या रात्री आत घेणं याला पर्याय नाही. आपले धनगर लांडग्याच्या मुलखात रात्री वाघूर (दोरीची जाळी) लावून मेंढरं आत कोंडतात आणि कुत्री बाहेर ठेवतात. इथे वाघुरीच्या जागी विजेची उचलती जाळी मिळते. ती चालत नाही अशी तक्रार आली तर आधी खाली बघा: वाढलेलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो. जमीन कोरडी ठणठणीत किंवा गोठलेली असली तरी अर्थिंग नीट मिळत नाही. दर आठवड्याला मीटर लावून व्होल्टेज तपासा. बंद जाळी आठवडाभर तशीच उभी राहिली की कायोटीला तेही कळतं.

राखणीला ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन शेफर्डसारखी कुत्री उत्तम, पण पिल्लू लहान असल्यापासून कळपात वाढलेलं हवं. घरातल्या सोफ्यावर वाढवून दोन वर्षांनी मेंढ्यांत सोडलं तर ते घराच्या दारातच येऊन बसेल. ही कुत्री रात्रभर भुंकतात, तेच त्यांचं काम, तेव्हा शेजारी आणि गावाचे नियम आधी बघा. गाढवही चांगली राखण करतं: एकच, मादी किंवा खच्ची केलेला नर. दोन ठेवली तर ती एकमेकांच्या संगतीत रमतात आणि कळपाकडे ढुंकून बघत नाहीत. गाढव ठेवणाऱ्यांनी जनावरांच्या खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचाच. गुरं-कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असतं, ते गाढवा-घोड्यांना विषारी आहे.

लुकलुकणारे दिवे, रेडिओ, हलणारी बुजगावणी यांची जागा बदलली नाही तर थोड्याच दिवसांत कायोटी त्यांच्या सावलीत निवांत बसतो. ती विण्याच्या मोसमापुरती वापरा आणि सतत हलवा. मेलेलं कोकरू, विल्यानंतर पडणारी वार, काहीही रानात पडू देऊ नका.

मेंढी मेलेली सापडली की सगळे कायोटीचं नाव घेतात. आधी कातडी सोलून बघा. गळ्याशी दातांची भोकं आणि त्याभोवती कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी धरली होती, आणि ही पद्धत कायोटीची. रक्त साकळलेलं नसेल तर ती आधीच मेली होती, कायोटी नंतर खायला आला. तेव्हा दुखणं शोधा. मागचे पाय, कान, कुशी फाटलेल्या, एकाच वेळी अनेक जनावरं जखमी आणि खाल्लं जवळजवळ काहीच नाही, तर बहुधा गावातलीच मोकाट कुत्री. अशा ठिकाणी कायोटीसाठी लावलेल्या फासाने प्रश्न सुटत नाही.

चूक: "पकडा आणि लांब सोडून या"

सगळ्यांना हाच उपाय आवडतो. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय असं करता येत नाही, इतरही बऱ्याच राज्यांत बंदी आहे. शिवाय रिकामी झालेली हद्द लवकरच दुसरा कायोटी घेतो आणि तुमच्या सफरचंदाखाली तोच खाऊ त्याची वाट बघत असतो. अमेरिकेचं केंद्रीय वन्यजीव खातं दरवर्षी ५० हजारांहून अधिक कायोटी मारतं, तरी त्यांचा पसारा आटलेला नाही. कळपावर हल्ला करण्याची चटक लागलेल्या एखाद्या नेमक्या प्राण्याला मारावं लागतं, हे मान्य. पण ते काम परवानाधारकाचं.

सगळं केलं, तरी येतोच आहे?

मग दोन ठिकाणी बघा. डेकखाली किंवा शेडखाली बिळ आहे का. कुणी शेजारी भटक्या मांजरांसाठी बाहेर खाणं ठेवतोय का; एका घराने वाडगा ठेवला की सगळ्या गल्लीची मेहनत पाण्यात. आणि रात्री ऐकू येणाऱ्या कोल्हेकुईवरून संख्या मोजू नका, दोनच कायोटी दहा जणांचा गलका करू शकतात.

चावलाच तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या इंजेक्शनांचा निर्णय तेच घेतील. कुत्र्याला चावला असेल तरी जखम छोटी म्हणून थांबू नका. वरून दिसतं त्यापेक्षा केसांखाली जास्त फाटलेलं असतं.

अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करताना "कायोटी दिसला" एवढंच सांगितलं तर बहुधा कोणी येणार नाही, कारण दिसणं हा गुन्हा नाही. किती वाजता, कुठे, किती जवळ आला, ओरडल्यावर पळाला की तिथेच थांबला, कुणाच्या दारात खाणं होतं का, हे सांगा. ओरडूनही न हटणाऱ्या कायोटीची तक्रार वेगळ्या गांभीर्याने घेतली जाते.