जवस कुटायचे, तारली तळायची नाही

माझं माहेर बार्शीचं, सासर मालवणचं. तिकडे भाकरीवर जवसाची चटणी, इकडे मासे. ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी ओमेगा-३ चं, म्हणजे हृदयाला चांगल्या मानल्या जाणाऱ्या स्निग्धांशाचं, नाव काढलं, तेव्हा लक्षात आलं की दोन्ही घरांत ते होतंच. करायच्या पद्धतीत वाया जात होतं.

पहिली चूक माझीच. भाजलेले जवस बडीशेपेत मिसळून जेवणानंतर ह्यांच्या हातावर ठेवायचे. चार महिने! जवसाचं टरफल कडक. नीट चावलं नाही तर दाणा आला तसा निघून जातो. म्हणून कुटायचेच.

वाटीभर जवस जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर. आधी दाणे गप्प असतात, मग एखाददुसरा उडतो. तडतड वाढली की लगेच उतरवा, करपले की चटणी कडू. पूर्ण गार होऊ द्या. गरमच फिरवले तर मिक्सरच्या पात्याखाली तेलकट गोळा बसतो. मग सहा-सात लसूण पाकळ्या, जिरं, तिखट आणि हात राखून मीठ.

आठवड्यापुरतीच करा, फ्रिजात ठेवा. मी एकदा मोठा डबा भरून ओट्यावर ठेवला होता. महिन्याने उघडला तर रंगकाम चाललेल्या खोलीचा वास. यायचाच, तैलरंगात जवसाचंच तेल घालतात.

दिवसाला एक मोठा चमचा, म्हणजे ७ ग्रॅम पूड पुरे. त्यात साधारण दीड ग्रॅम एएलए, म्हणजे जवसातलं ओमेगा-३, मिळतं, पुरुषाला १.६ आणि बाईला १.१ ग्रॅम लागतं असं धरतात. वर पाणी भरपूर प्या. कारळाची चटणी दिसायला बहीण वाटली तरी तिच्यात मुख्यतः ओमेगा-६, ते वेगळ्या जातीचं. आमच्या सोलापुरी शेंगाचटणीतही ओमेगा-३ जवळजवळ नाहीच, सांगताना जीव तुटतो.

पण एएलएमधून शरीर ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशातली ओमेगा-३, फार थोडी बनवतं. माशात ती आयती असतात. म्हणून मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा आणावा. त्यासाठी सुरमईचे पैसे मोजायची गरज नाही. रवा लावून तळू मात्र नका, तळण्यात ओमेगा-३ वाया जातं. तिखलं करा. टोपात तारली, हळद, तिखट, सोलं (आमसुलं), ठेचलेली तिरफळं, मासे जेमतेम बुडतील एवढं पाणी. उलथनं घालायचं नाही, टोपाचे कान धरून हिसका द्यायचा. सासूबाई वरून खोबरेलाची धार सोडायच्या. मी चमच्याने मोजते, त्या बघत नसतात तेव्हा.

ह्यांच्या गोळ्या चालूच आहेत, चटणी त्यांच्या जागी नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांनाच विचारायचं. ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तारली मिळते ना, मग ती खा.