शुभेच्छापत्रावर ठसा नेमका कुठे उमटवावा?

ए-४ आकाराचा जाड कागद मधोमध कापून दुमडला, की साधारण १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचे शुभेच्छापत्र तयार होते, आणि पणतीचा रबरी ठसा हाती असला की तो थेट मध्यभागी उमटवण्याचा मोह होतो. मात्र तिथे एकटी पणती अधांतरी तरंगल्यासारखी दिसते. त्याऐवजी उभ्या कार्डाचे तीन समान भाग कल्पून ती खालच्या भागात, किंचित एका बाजूला घ्यावी आणि तिच्याखाली एक बारीक रेघ ओढावी, म्हणजे तिला टेकायला जमीन मिळते. ज्योत झुकलेली असेल तर ती कार्डाच्या आतल्या बाजूस झुकू द्यावी. वरची मोकळी जागा भरण्याची घाई करू नये; ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे तिथेच शोभतात.

पणत्या एकीमागे एक दाखवायच्या असतील, तर सर्वांत पुढची पणती आधी उमटवावी. तोच ठसा पातळ कागदावर घेऊन, रेषेच्या किंचित आतून कापून, तो तुकडा पहिल्या पणतीवर ठेवावा आणि मग दुसरी पणती तिच्यावर थोडी चढेल अशी उमटवावी. तुकडा उचलताच दुसरी पणती अलगद मागे गेलेली दिसते. हा क्षण मला दर वेळी आनंद देतो. कागद पातळच हवा, कारण जाड कागदाच्या कडेपाशी रबर टेकत नाही आणि तिथे पांढरी फट राहते.